हरसूलच्या वाटेवर सोसायचं कोणी?

नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याने निघालं की गोवर्धन मागे पडतं, मग गिरणारे येतं, आणि तिथून पुढे रहदारी विरळ होत जाते. वाघेऱ्याचा घाट सुरू होतो तेव्हा मोटारसायकलवरच्या एकट्या माणसाला आपल्याच इंजिनाचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागतो. घाटापलीकडे हरसूल आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. कोकणा, महादेव कोळी आणि वारली पाड्यांना मीठ-मिरचीपासून बियाण्यापर्यंत सगळं पुरवणारं. इथून वाटा पेठकडे फुटतात, जव्हारकडे फुटतात, गुजरातच्या सीमेकडे फुटतात. लांबच्या प्रवासाला एकट्याने निघालेल्या माणसाला ही वाट फार आवडते. आणि त्याची पहिली चिडचिडही इथेच होते.

घाटात रेंज जाते. नकाशावरचा निळा ठिपका एका वळणावर थिजतो आणि समोर दोन फाटे येतात. पावसाळा असेल तर धुकं असतं आणि पाटीवरची अक्षरं चिखलाने झाकलेली असतात. टपरीवर चहा घेतला, पैसे द्यायला फोन काढला, की गोल चक्र फिरत राहतं. खिशात पाचशेची नोट असते आणि मावशींकडे सुट्टे नसतात. टायरमधली हवा उतरते ती नेमकी दोन गावांच्या मधोमध. पंप पुढे कुठे आहे हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. रेनकोट काढावा तर सर येते, घालावा तर ऊन पडतं. यातली एकही अडचण गोष्ट म्हणून सांगण्याएवढी मोठी नाही. पण दिवसभर अशा दहा साचल्या की संध्याकाळी माणूस थकण्याआधी वैतागलेला असतो.

एकट्याच्या अडचणींचा हिशेबच वेगळा असतो. दोघं असले की एक जण सामानापाशी थांबतो आणि दुसरा जाऊन येतो. एकट्याने लघवीला जायचं तर पाठीवरची पिशवी, हेल्मेट, गाडीला बांधलेला बोजा यांचं काय करायचं, हा प्रश्न दिवसातून चार वेळा पडतो. देवळात जायचं तर चपला कुठे, फोन कुठे, किल्ली कुठे. बाई असेल तर प्रश्न आणखी धारदार होतो: शौचालय आहे का, त्याला कडी आहे का, आत पिशवी अडकवायला खुंटी आहे का. रात्री मुक्कामाला जागा मागितली की बऱ्याच लॉजांवर गल्ल्यामागचा माणूस आधी विचारतो, ‘एकटेच का?’ आणि पुष्कळदा तेवढ्यावरच खोली नाकारली जाते.

हा प्रश्न प्रवासाच्या नियोजनाचा वाटतो, पण फार जुन्या काळापासून तो धर्माचा प्रश्न आहे. वाटेवरची अडचण म्हणजे काय? ती सोसून माणूस काही मिळवतो, की ती दूर करणं कोणाचं तरी कर्तव्य असतं आणि ते राहून गेलेलं असतं? आपल्या परंपरेने या दोन्ही बाजूंनी फार बारकाईने विचार केला आहे. आज आपण पहिली बाजू पाठ करतो आणि दुसरी विसरतो, ही खरी दुखती जागा आहे.

पहिली बाजू सोसण्याची. समर्थ रामदासांनी परंपरेनुसार नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षं तप केलं आणि मग बारा वर्षं पायी तीर्थाटन केलं. इतकी वर्षं वाट तुडवलेल्या माणसाचा अनुभव दासबोधाच्या तिसऱ्या दशकातल्या त्रिविध तापांच्या वर्णनात दिसतो. सहाव्या समासात आध्यात्मिक ताप म्हणून शरीराची दुखणी येतात. सातव्यात आधिभौतिक ताप येतो आणि त्यात ठेच लागणं, काटा मोडणं, किडामुंगीने चावणं अशी अगदी पायवाटेवरची दुःखं मोजलेली आहेत. सांख्यांनी ऊन-पाऊस-वीज यांना आधिदैविक म्हटलं. समर्थांनी त्या नावाखाली मृत्यूनंतरच्या यमयातना घातल्या. पंक्चरला या यादीत जागा शोधायची तर ती काट्याशेजारीच मिळेल. एवढ्या क्षुल्लक दुःखाची नोंद एखाद्या संताने घ्यावी, याला महत्त्व आहे. ठेच ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असं त्यांना वाटलं.

जैन परंपरा याहून काटेकोर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात साधूने सोसायचे बावीस परीषह दिले आहेत. भूक, तहान, थंडी, ऊन, डास हे त्यात आहेतच. पण चर्या म्हणजे चालण्याचा त्रास, निषद्या म्हणजे बसायला नीट जागा नसणं, शय्या म्हणजे झोपायची गैरसोय, याचना म्हणजे मागावं लागणं आणि अलाभ म्हणजे मागूनही न मिळणं, हेही स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. ‘अलाभ’ हा शब्द हरसूलच्या फाट्यावर फोन उंच धरून रेंज शोधणाऱ्याला चपखल बसतो. हे सगळं का सोसायचं, याची दोनच कारणं तिथे दिली आहेत: मार्गावरून ढळू नये म्हणून आणि साचलेलं कर्म झडावं म्हणून. सोसण्याचं कौतुक व्हावं, हे कारण त्यात नाही.

नाशिक जिल्हा या चालणाऱ्या साधूंना परका नाही. म्हसरूळजवळचं गजपंथ आणि बागलाणातलं मांगीतुंगी ही त्यांची तीर्थं. महामार्गाच्या कडेने पहाटे अनवाणी चालणाऱ्या साध्वी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पण त्यांच्या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे विहारधाम. दिवसभराच्या चालण्यानंतर जिथे थांबता येईल अशा अंतरावर श्रावकांनी बांधलेली, साधी, स्वच्छ जागा. शय्येचा परीषह सोसण्याचं व्रत साध्वीचं आहे. तो परीषह तिच्यावर येऊ नये म्हणून धडपडण्याचं व्रत श्रावकाचं आहे. दोघांचे धर्म एकमेकांच्या उलट दिशेने जातात आणि म्हणूनच ते एकत्र टिकतात. श्रावकाने विहारधाम न बांधता ‘परीषह सोसणं चांगलं असतं’ असं साध्वीला सांगितलं असतं, तर तो अधर्म झाला असता.

गीतेतही हेच आहे, फक्त ते पाहायला अठरा अध्यायांच्या बाहेर यावं लागतं. थंडी-ऊन येतात आणि जातात, ते सोस, असं श्रीकृष्ण दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगतो. हा उपदेश करणारा त्या घटकेला सारथी आहे. पुढे द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी रथाचे घोडे बाणांनी जखमी आणि तहानेने व्याकूळ होतात. युद्ध ऐन भरात आहे, सूर्यास्ताची मुदत डोक्यावर आहे. तरी रथ थांबतो. अर्जुन बाण मारून जमिनीतून पाणी काढतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना अंघोळ घालतो, पाणी पाजतो. सोसण्याचा उपदेश ज्याने अर्जुनाला केला, त्याने घोड्यांना तो केला नाही. वाटेवरच्या धर्माबद्दल महाभारतात याहून स्पष्ट प्रसंग सापडणं अवघड आहे.

त्र्यंबकच्या परिसरात वाट चुकण्यालाही पवित्र अर्थ आहे. विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि चुकामूक झालेला निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी कथा सांगितली जाते. वारकरी संप्रदायातला नाथपंथी धागा या चुकलेल्या वाटेतून आला. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरातच आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. अडचणीतून काही उमलू शकतं, हे या कथेमुळे मनाला पटतं. पण कथेवरून नियम काढायचा नसतो. वाघ आला म्हणून गुरू भेटले. त्यावरून कोणी प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ सोडत नाही.

आता दुसरी बाजू. ती पाहायला ज्या गोवर्धनवरून प्रवासी मघाशी पुढे आला, तिथे परत जायला हवं. शिलालेखांतलं प्राचीन गोवर्धन ते हेच, असं अभ्यासक मानतात. नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. त्यातल्या दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे दानांची यादी आहे. गाई, गावं, सोनं हे त्यात आहेच. पण प्रवाशाने थांबून वाचावा असा भाग वेगळा आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने चौसोपी धर्मशाळा आणि उतरायच्या जागा बांधल्या. बागा, तळी, विहिरी केल्या. आणि पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर नावेने फुकट पार होण्याची सोय केली. लेखात त्याला ‘पुण्यतर’ म्हटलं आहे: भाडं न घेता, पुण्य म्हणून पैलतीरी नेणं. त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना बसण्यासाठी सभा आणि पाणी पिण्यासाठी प्रपा, म्हणजे पाणपोया, उभारल्या.

नद्यांची ही नावं नकाशावर बोट ठेवून वाचावीत. दमणगंगा नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि याच पश्चिम उतारावरून समुद्राकडे जाते. घाटमाथ्यावरच्या गोवर्धनहून डहाणू-दमणच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या माणसाला आजच्या पेठ-हरसूलच्या डोंगरपट्ट्यातूनच कुठून तरी वाट काढावी लागत असणार. त्या माणसाची नावेची चिंता, तहान, रात्रीचा मुक्काम यांचा विचार एका सत्ताधाऱ्याने केला, आणि बौद्ध भिक्षूंच्या लेण्यात, ब्राह्मणांना दिलेल्या दानांच्या शेजारी, तो त्याच अभिमानाने कोरून ठेवला. वाटसरूची सोय त्याच्या लेखी धर्माच्या मुख्य खात्यात जमा होती.

याच लेण्यातला त्याचा आणखी एक लेख तर आजच्या प्रत्येक कंत्राटाला जोडून द्यावा असा आहे. त्यात 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली आहे. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कायम राखून फक्त व्याज खर्च करायचं, अशी ठेव. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे 1000 शेकडा पाऊण दराने. व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हे सगळं नगरसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. दान दिलं, ते पुढे कशावर चालेल ते ठरवलं, आणि लोकांसमोर ठेवलं. देखभालीची तरतूद हा दानाचाच भाग होता.

आपल्याकडे यज्ञयाग म्हणजे इष्ट आणि विहीर-तळं-धर्मशाळा-झाडं म्हणजे पूर्त, अशी ‘इष्टापूर्त’ जोडी वैदिक काळापासून आहे. अशोकाच्या लेखांत रस्त्याकडेचे वड, आमराया, विहिरी आहेत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पूर्ताचा धर्म मराठी मनाला कोणी नव्याने शिकवायला नको.

तो सर्वात खोल समजला तो एका एकट्या प्रवाशाला. गाडगेबाबा 1905 साली घर सोडून निघाले ते हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन. पुढची पन्नासेक वर्षं ते फिरतच होते. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, वाटेतच त्यांचा अंत झाला. एकट्या वाटसरूच्या सगळ्या अडचणी त्यांनी अंगावर घेतल्या होत्या: उपास, हाकलून दिलं जाणं, चोर समजलं जाणं, उघड्यावरची रात्र. त्या सोसण्यातून त्यांनी उभ्या केल्या त्या धर्मशाळा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. स्वतः मात्र ते झाडाखाली किंवा झोपडीत राहत. स्वतःपुरतं सोसणं आणि दुसऱ्यासाठी सोय, हे दोन्ही त्यांच्या आयुष्यात वेगळं काढता येत नाही.

वारीकडे पाहिलं तरी हेच दिसतं. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि चारशेहून जास्त किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. वारकरी ऊन-पाऊस सोसतो, पण त्याचं सामान दिंडीच्या गाडीत असतं, तंबू आधी पुढे गेलेला असतो, गावोगाव कोणाच्या तरी अंगणात पिठलं-भाकरी तयार असते. पायांना फोड आले तर तेल लावून पाय चोळणारी माणसं रस्त्याकडेला बसलेली असतात. सोसणाऱ्यांची ही वारी सोय करणाऱ्यांच्या बळावरच चालते. हरसूलच्या वाटेवर एकटा निघालेला माणूस याच दुसऱ्या फळीशिवाय निघालेला असतो, म्हणून त्याला रस्ता आहे तसा दिसतो.

आणि रस्ता आहे तसा दिसला की त्यावर आणखी कोण चालतं आहे हेही दिसतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातच, खरशेत ग्रामपंचायतीत, शेंद्रीपाडा आहे. तिथल्या बायका पाण्यासाठी तास नदीची घळ ओलांडत होत्या. आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, खाली खोल खडक. त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली, तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं आणि जानेवारी 2022 मध्ये तिथे लोखंडी पूल बसला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. दान झालं होतं, अक्षयनीवी नव्हती.

मोटारसायकलवरच्या माणसाची एका दिवसाची अडचण ही या पाड्यांची रोजची अडचण आहे. त्याची रेंज गेली तर फोटो चढवायचा राहतो; इथे रेंज गेली तर बाळंतिणीसाठी गाडी बोलावता येत नाही. त्याला एका दुपारी शौचालय सापडत नाही. बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला प्रत्येक बाजाराच्या दिवशी सापडत नाही. सुट्टे नसल्याने त्याचा चहा चुकतो. फोनवरचे पैसे न आल्याने तिची विक्री चुकते. प्रवाशाने आपल्या चिडीला तप म्हणावं का? म्हणावं, त्याने ती वाट स्वतः निवडली आहे. पण ज्यांनी ती निवडलेली नाही त्यांच्या सोसण्याला तप म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांच्या बाबतीत ते सरळ सरळ आपल्याकडे थकलेलं देणं आहे.

धावपटू कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं आणि सगळ्या महाराष्ट्राने पाड्याचं नाव प्रेमाने उच्चारलं. तिची जिद्द तिची स्वतःची आहे. मात्र अशा प्रत्येक यशानंतर आपण गरिबीचं, चढणीचं, अनवाणी पायांचं जे गुणगान करतो, त्यात एक धोका आहे: खडतर वाटेमुळे माणसं घडतात असं ठरलं, की वाट तशीच ठेवायला कारण मिळतं.

लोकधर्माने ही चूक केलेली नाही. या डोंगरपट्ट्यात शिवेवर वाघदेव असतो, दगडाचा किंवा लाकडाचा, सूर्य-चंद्र आणि वाघ कोरलेला. वाघबारशीला त्याची पूजा होते. इगतपुरीजवळ महामार्गावर घाटनदेवी आहे आणि घाट उतरणारे ड्रायव्हर तिच्यापुढे हात जोडतात. या देवतांकडे कोणी अडचण मागत नाही. माणूस, गुरं आणि गाडी सुखरूप पार व्हावी एवढंच मागणं असतं. उषवदाताच्या नावेतही तेच होतं.

आणि टपरीवरच्या मावशी, ज्यांना ‘जरा बॅग बघता का’ म्हटलं की त्या मान हलवतात, पिशवी ओट्याच्या आत ओढून घेतात आणि सुट्ट्याचं ‘येताना द्या’ म्हणून सोडून देतात, त्याही त्याच परंपरेतल्या आहेत. त्यांना पुण्यतर हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. पण सगळी वाट त्यांच्या भलेपणावर टाकून द्यायची नसते.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील, मोठ्या रकमा मंजूर होतील. देवस्थानांच्या विश्वस्तांना, दात्यांना आणि कुंभाचं नियोजन करणाऱ्यांना एवढंच मागणं आहे: त्र्यंबकच्या वेशीपाशी थांबू नका. गिरणारे ते हरसूल या वाटेवर दोन-तीन ठिकाणी पिण्याचं पाणी, कडी आणि खुंटी असलेलं बायकांचं शौचालय, पावसात उभं राहण्यापुरतं छप्पर आणि वाचता येईल अशी पाटी करा. जिथे बायका अजून बल्ल्यांवरून नदी ओलांडतात, तिथे पूर सोसेल असा पूल करा. आणि जे बांधाल त्याच्या झाडलोटीसाठी, दुरुस्तीसाठी एक ठेव ठेवा, तिचा हिशेब हरसूलच्या बाजारात फळ्यावर लावा. गोवर्धनच्या विणकरांना ते जमलं होतं.